आटे जुळले पाहिजेत

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : गावानं स्वतःचं वायरलेस जाळं उभं करायचं असेल तर डबे, म्हणजे राऊटर, आणायच्या आधी कागद करा, म्हणजे नियम लिहून ठरवा. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकबाईंनी हे पान त्यालाच देऊन टाकलं. बत्तीस वर्षं मी टेलिफोनच्या खांबांवर चढलो, आता गुडघे चढू देत नाहीत म्हणून लिहितो. तेव्हा ही उत्तरं इंजिनिअरची नव्हेत, लाईनमनची आहेत, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या गावाला पाण्यानं वेढा घातला. दोन्ही वेळा मोबाईलची रेंज गेली. यंदा तालमीनं ठरवलंय, घराघरांवर राऊटर लावून निदान गावातल्या गावात निरोप जाईल अशी सोय करायची. पंचवीस घरं तयार आहेत. शहरातल्या दुकानदारानं एका कंपनीच्या मेश किटचं, म्हणजे एकमेकांना निरोप पुढं देणाऱ्या राऊटरच्या संचाचं, कोटेशन दिलंय. तो म्हणतो, ओपन स्टँडर्ड वगैरे पुस्तकी गोष्टी आहेत, एकाच कंपनीचा माल घ्या, डोक्याला ताप नाही. कुणाचं ऐकायचं?
– तालमीचा कार्यकर्ता, प्रयाग चिखली

उत्तर : भावा, दुकानदार खोटं बोलत नाही. एकाच कंपनीचे पंचवीस डबे एकाच दिवशी आणलेस तर त्या दिवशी ते एकमेकांशी झकास बोलतील. भानगड सव्विसाव्या डब्याची आहे.

माझंच सांगतो. आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नदीकडच्या उताराला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं. हायवे शिरोलीजवळ बंद, लाईट नाही, आणि गल्लीतलं कोण कुठल्या माडीवर अडकलंय हे कळायला आम्ही गच्चीवरून हाका मारत होतो. पाणी उतरल्यावर सहा घरांनी वर्गणी काढून एका कंपनीचे सहा मेश डबे घेतले. वर्षभर नाद खुळा चाललं. मग २०२१ च्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि कोपऱ्यावरच्या गच्चीतला डबा जळाला. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा डबा आणला, फक्त खोक्यावर पुढचा आकडा होता. जुने पाच त्याला ओळखच देईनात. दुकानदार म्हणाला, "काका, ही नवी सिरीज आहे, सगळेच बदलून टाका." बदलतोय कशाला! तसंच ठेवलं. जुलैत पुन्हा मच्छिंद्री, म्हणजे मोठा पूर, झाली, आणि कोपऱ्यावरचा डबा नसल्यानं आमच्या जाळ्याचे दोन तुकडे. ते जोडायचे तर सेटिंग बदलायचं, सेटिंग बदलायला कंपनीचं अॅप उघडायचं, अॅप उघडायला कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं, आणि लॉगिनला इंटरनेट पाहिजे. इंटरनेट नाही म्हणूनच तर आम्ही त्या डब्याजवळ बसलो होतो! शिवाय पासवर्ड ज्या पोराकडं होता तो हिंजवडीत.

आता उद्यमनगरात, आमच्या लेथ-कारखान्यांच्या भागात, चल. माझ्या मावसभावाच्या लेथजवळ एका पत्र्याच्या डबड्यात दोन नमुने कायम पडलेले असतात. एक तीन सुती (तीन अष्टमांश इंची) व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा बोल्ट, इंचाला सोळा आटे. दुसरा एम-१० चा, म्हणजे दहा मिलिमीटरच्या मेट्रिक मापाचा नट, दर आट्याला दीड मिलिमीटर. नवा पोरगा कामाला लागला की भाऊ त्याला सांगतो, हे दोन बसव. बोल्ट आत जातो, पोरगं खूश होतं, आणि तीन-चार आट्यांनंतर तो गच्च धरतो. एका आट्यातला फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी, पण तो आट्यागणिक साठत जातो. पान्हा लावून रेटलं तर दोघांचेही आटे जातात. उलट, एम-१० म्हणून मागितलेला नट लुधियानाचा असो, शिरोलीच्या एमआयडीसीतला असो की जर्मनीचा, तो एम-१० च्या बोल्टवर बसतोच. कारण एम-१० म्हणजे काय हे कागदावर ठरलंय, त्या कागदावरून कुणीही आटे पाडावेत, आणि ते माप कुणा एका कारखानदाराच्या बापाचं नाही. ओपन स्टँडर्ड, ओपन स्टँडर्ड म्हणतात ते हेच.

खोक्यावर 'मेश' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नकोस. मेशसाठी वायफायच्या घराण्यातच एक उघडं माप आहे, ८०२.११ एस, २०११ सालापासून. पण बऱ्याच कंपन्या त्यावर आपलं काहीतरी चढवतात, किंवा ते बाजूला ठेवून स्वतःचंच वापरतात. म्हणून दुकानदाराला विचार : यावर ओपनडब्ल्यूआरटी चढतं का? (हे राऊटरसाठीचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर. २००४ सालचं. लिंकसिसच्या एका निळ्या-काळ्या राऊटरमध्ये लिनक्स हे खुलं मूळ सॉफ्टवेअर सापडलं, लिनक्सच्या परवान्याप्रमाणं कोड जाहीर करा म्हणून लोकांनी तगादा लावला, कंपनीनं तो दिला, आणि त्यातून हे उभं राहिलं.) दुसरं विचार : इंटरनेटची वायर उपसून ठेवली तर सेटिंगचं पान उघडतं का? नुसतं विचारू नकोस, उपसून दाखव म्हण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंचवीसपैकी दोन डबे मुद्दाम दुसऱ्या कंपनीचे घे आणि दुकानाच्या काउंटरवरच पहिल्या कंपनीच्या डब्यांशी जोडून दाखवायला सांग. जोडले तर सगळी पावती फाड. नाही जोडले तर चहा पिऊन घरी ये.

तुमच्या जवळच्या सोनतळीला जोडायचा विचार असेल तर आणखी एक. दोन किलोमीटरच्या लिंकला दोन गच्च्या एकमेकींना नुसत्या दिसून भागत नाही. ५.८ गिगाहर्ट्झच्या वायफायला मधोमध, दोन अँटेनांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या खाली निदान दहा फूट मोकळी जागा लागते. जानेवारीत जोडणी करशील, झकास लागेल. पुढं ऊस डोक्यावर गेला की सिग्नल कुठं गेला म्हणून शोधत बसशील. खांब उसाच्या उंचीच्या हिशोबानं उभा कर.

प्रश्न : स्टँडर्ड म्हणजे आयएसआयचा शिक्का का? हे नियम ठरवतं कोण? दिल्ली, अमेरिका? की आपल्यासारख्यांनाही त्यात बोलता येतं?
– निवृत्त शिक्षक, वडणगे

उत्तर : गुरुजी, शिक्का सांगतो की माल मापात आहे. माप कुणी ठरवलं हा तुमचा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं.

वर ज्या व्हिटवर्थ बोल्टचा उल्लेख आला, तो जोसेफ व्हिटवर्थ इंग्लंडमधला कारागीर-कारखानदार. त्या काळी प्रत्येक वर्कशॉपचे आटे वेगळे. १८४१ साली त्यानं एक माप सुचवलं. ते त्यानं डोक्यातून काढलं नाही. देशभरच्या वर्कशॉपमधून बोल्ट गोळा केले, मोजले, आणि सरासरीच्या आसपास माप धरलं. कोन ५५ अंश. आधी चालू असलेलं काम, मग कागद.

इंटरनेटचे नियम जिथं ठरतात तिथंही, निदान तत्त्वानं, हीच रीत आहे. आयईटीएफ नावाची ती मंडळी. सभासद फी नाही, सरकारचं पत्र लागत नाही, तुम्ही वडणग्यातून लिहिलंत तरी वाचतात. त्यांच्या कागदाला आरएफसी म्हणतात, म्हणजे शब्दशः 'आपल्या सूचना कळवा'. पहिला १९६९ चा. सगळे फुकट वाचायला मिळतात. मतदान नाही. सर्वसाधारण एकमत झालंय का आणि चालणारा प्रोग्रॅम हातात आहे का, एवढंच बघतात. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ही पद्धत आणली तर निम्मी भाषणं बंद पडतील, पण ते असो.

मेश जाळ्यात निरोपाला वाट दाखवणारे जे नियम आहेत, त्यातला ओएलएसआर २००३ सालचा, आरएफसी ३६२६. बेबल नावाचा दुसरा आहे. तो २०११ मध्ये 'प्रायोगिक' म्हणून छापला गेला आणि पक्क्या मार्गावरचं स्टँडर्ड म्हणून आरएफसी ८९६६ झाला २०२१ मध्ये. दहा वर्षं! मधल्या काळात इतरांनी कागद वाचून आपापले स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिले, ते मूळ प्रोग्रॅमशी बोलतात का बघितलं, जिथं अडलं तिथं कागद दुरुस्त झाला. कागद नीट लिहिलाय का याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. लिहिणाऱ्याला न विचारता परक्या माणसानं नुसतं वाचून यंत्र बांधावं, आणि ते बसावं.

खुला कोड असला की झालं, असंही नाही. बर्लिनमध्ये फ्रायफुंक म्हणून लोकांचं जाळं आहे, गच्च्यांवर, चर्चच्या मनोऱ्यांवर. शेकडो डबे झाल्यावर ओएलएसआर त्यांना जड जायला लागला म्हणून त्यांच्यातल्याच लोकांनी बॅटमन नावाचा नियम लिहिला. तो २०११ मध्ये थेट लिनक्सच्या गाभ्यात गेला. पण २०१४ मध्ये त्याची भाषा आवृत्ती १४ वरून १५ झाली आणि जुने डबे नव्यांशी बोलेनात. आमच्या गल्लीत झालं तेच! फरक एवढाच, की हे बदल उघड्यावर झाले, लोकांना आधी माहीत होते, आणि प्रत्येक शहरातल्या मंडळींनी आपली तारीख ठरवली आणि डबे न बदलता नुसतं सॉफ्टवेअर बदललं. आम्हाला खोक्यावरच्या आकड्यावरून कळलं.

आता 'आपल्यासारख्यांना' बद्दल. स्पेनमधल्या कॅटलोनियात ओसोना नावाचा भाग आहे, शेतीवाडीचा. ब्रॉडबँडची वायर टाकायला कंपन्या राजी नव्हत्या. २००४ मध्ये तिथल्या लोकांनी गुईफी.नेट सुरू केलं, आज त्याचे तीस हजारांवर नोड, म्हणजे जोडलेली ठिकाणं, आहेत. मला त्यांच्या अँटेनांपेक्षा त्यांचा परवाना जास्त शिकवून गेला. त्यात लिहिलंय की जाळं सगळ्यांचं, कुणीही जोडावं, आणि जोडणाऱ्यानं दुसऱ्याचा निरोप आपल्यातून पुढं जाऊ द्यावा. युरोपातल्या अशाच मंडळांनी 'पिको पिअरिंग' म्हणून एक पानभर करार केलाय, त्यातही हेच : येणाजाणारा निरोप फुकट पुढं द्यायचा, त्यात ढवळाढवळ करायची नाही, जोडायला लागणारी माहिती लपवायची नाही, आणि सेवेची हमी कुणी कुणाला द्यायची नाही. शेवटचं कलम मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

वडणग्याला वाट दाखवण्याच्या नियमांचा कागद नव्यानं लिहायची गरज नाही. बेबल आहे, ८०२.११ एस आहे, ते घ्यावं. पण त्याखाली एक स्थानिक पान लागतं आणि ते दुसरं कुणी लिहून देणार नाही. ते नसलं की काय होतं ते बघा. आमच्या पेठेत दोन तालमी आहेत, नावं घेत नाही, गणपतीत मिरवणुकीचा नंबर कुणाचा यावरून त्यांचं जमत नाही. दोघींनी आपापलं जाळं केलं. गेल्या वर्षी मोठ्या मनानं जोडायचं ठरलं. सत्तर फुटांची वायर टाकली, नारळ फोडला, आणि दोन्हीकडचं बंद पडलं. एकमेकांवर संशय, आवाज चढले. मी जाऊन बघितलं तर दोघांच्याही मुख्य राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१. कारखान्यातून येतो तोच, कुणी बदललाच नव्हता. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं, पोस्टमन काय करणार?

म्हणून त्या पानावर पहिली ओळ पत्त्यांची. १० ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून अशा खासगी जाळ्यांसाठी मोकळे ठेवलेले आहेत, एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त आहेत, करवीर तालुक्यातल्या प्रत्येक गावाला एकेक मोठा तुकडा देऊनही उरतील. कुठल्या गावाला कुठला तुकडा, हे आत्ताच वहीत लिहून ठेवायचं, जोडायच्या दिवशी नव्हे. मग चॅनेल कुठला, बेबलची कुठली आवृत्ती, डब्याचं नाव कसं ठेवायचं. नाव माणसाचं नको, जागेचं ठेवा. 'बंड्याचा राऊटर' बंड्या पुण्याला गेल्यावर कुणाला सापडत नाही, 'मारुती देऊळ, पूर्व' सापडतो. आणि चावी दोघांकडं, त्यातली एक तरी बाई असावी. बायका गाव सोडून जात नाहीत असं नाही, पण पासवर्ड लिहिलेला कागद त्यांच्याकडून हरवत नाही, हा माझा अनुभव.

तुमचं अक्षर चांगलं असणार. तुम्हीच लिहा.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. मेशमध्ये मधे मुख्य टॉवर नसतो, तर मेसेजला रस्ता कसा कळतो?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : पोरी, जोतिबाला चालत जाणाऱ्या माणसाला सगळा नकाशा पाठ असतो का? वडणगे फाट्यावर विचारतो, पुढचा माणूस म्हणतो तिकडं, त्याच्या पुढचा म्हणतो आणखी तिकडं. बेबल आणि बॅटमन असंच करतात. प्रत्येक डब्याला एवढंच माहीत असतं की अमुक ठिकाणी जायचं तर शेजाऱ्यांपैकी कुणाकडं द्यायचं. ओएलएसआरचं वेगळं, तिथं प्रत्येक डबा सगळ्या गावाचा नकाशा घेऊन बसतो.

शेजारी चांगला की वाईट हे कसं कळतं, ते गमतीचं आहे. बेबलमध्ये प्रत्येक डबा थोड्या थोड्या वेळानं ओरडतो, 'हॅलो'. ज्याला ऐकू येतं तो उत्तर देतो, 'मला तू ऐकू आलास'. खरंच, त्या निरोपाचं नावच तसं आहे. आता हिशोब कर. समज दहापैकी नऊ हॅलो पोचले, आणि उलट दिशेनं दहापैकी आठ. ०.९ गुणिले ०.८ म्हणजे ०.७२. एक भागिले ०.७२ म्हणजे साधारण १.३९. अर्थ काय, तर एक निरोप नीट पोचवायला सरासरी १.३९ वेळा पाठवावा लागेल. समोरच्या लांबच्या गच्चीवर थेट पाठवताना दोन्ही बाजूंनी निम्मेच पोचत असतील तर ०.५ गुणिले ०.५, म्हणजे चार वेळा. पण मधे एक चांगला शेजारी असेल तर १.३९ अधिक १.३९, २.७८. म्हणजे वळसा घालून जाणं स्वस्त! डबा वळशाची वाट धरतो.

फुकट काही नसतं. डब्यात एकच रेडिओ असेल तर तो एका वेळी एक तर ऐकतो नाही तर बोलतो, त्यामुळं प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होत जातो. पाच टप्प्यांवरून सिनेमा बघायला जाऊ नकोस. 'आजीचं औषध संपलंय' पोचतं.

प्रश्न : केबल आणि मोबाईलचं दुकान आहे. पोरं मोठी डिश लावून गच्चीवरून गच्चीवर नेट फिरवायला मागतात. लायसन्स लागतं का? उद्या कुणी दारात आलं तर?
– इचलकरंजी

उत्तर : मालक, २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे, आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ मध्ये मोकळे झाले. अट अशी की दुसऱ्याला अडथळा करायचा नाही, आणि आपल्याला झाला तर तक्रार सांगायची नाही. माल मंजुरीचा असावा, कुठूनही आणलेला बिनशिक्क्याचा नको. आणि शक्तीला मर्यादा आहे, तिथंच पोरं फसतात. २.४ ला अँटेना धरून एकूण ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम (रेडिओची शक्ती मोजायचं माप). राऊटर २० डीबीएमचा, त्याला २४ डीबीआयची (अँटेना शक्ती किती वाढवते त्याचं माप) डिश लावली, बेरीज झाली ४४. चार वॅटच्या जागी पंचवीस! डिश लावायची तर राऊटर १२ वर उतरवा. पोरं म्हणतील रेंज कमी होईल. थोडी होईल, पण डिशशिवाय मिळते त्यापेक्षा जास्तच राहील, कारण डिश दोन्ही टोकांना आहे आणि ती ऐकतेही चांगलं.

घरचं ब्रॉडबँड कनेक्शन वाटून पैसे घेणं वेगळं, ते कनेक्शनच्या अटींत बसत नाही. पैसे घेऊन इंटरनेट द्यायचं असेल तर पीएम-वाणी आहे, केंद्र सरकारची सार्वजनिक वायफायची डिसेंबर २०२० ची योजना. त्यात तुमच्यासारख्या दुकानदाराला, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिसला, लायसन्स लागत नाही. नोंदणी तुमच्या वरच्या अॅग्रीगेटरची, म्हणजे अशी अनेक दुकानं एकत्र सांभाळणाऱ्याची असते. आणि वाणीचं मला आवडतं ते हे, की दुकानदार, अॅग्रीगेटर, अॅप हे वेगवेगळ्या लोकांचे असले तरी एकमेकांशी कसं बोलायचं ते जाहीर ठरलंय. पुन्हा आटेच.

प्रश्न : माझ्या भाच्यानं मेशटास्टिकची दोन यंत्रं आणलीत, सिमशिवाय कित्येक किलोमीटर मेसेज जातो म्हणतो. हे तुमच्या ओपनमध्ये बसतं का?
– पन्हाळा

उत्तर : अर्धं. २०२० पासूनचं हे सॉफ्टवेअर पूर्ण खुलं आहे. पण खालची रेडिओची पद्धत, लोरा, ही सेमटेक कंपनीची, चिप तिच्याकडून किंवा तिच्या परवान्यानं येते. दार उघडं, चौकट दुसऱ्याची. तरी पुरासाठी घ्याच. नुसता मजकूर जातो, वीज नावाला खातं, आणि पन्हाळ्यावरून तर काय, सगळा करवीर समोर. भाच्याला सांगा, सेटिंगमध्ये देश भारत निवड, ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा. अमेरिकेतल्या ९१५ वर ठेवून मिरवू नकोस.

प्रश्न : तुमचं सगळं पटलं. पण पूर आला की पहिली लाईट जाते. तुमचं जाळं चालणार कशावर, डोंबलावर?
– एक गृहिणी, शाहूपुरी

उत्तर : वहिनी, सगळ्या पत्रांत खरा प्रश्न तुमचा.

हिशोब साधा आहे. घरातला छोटा राऊटर १२ व्होल्टवर साधारण ६ वॅट खातो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, यूपीएसमध्ये असते ती, कागदावर ८४ वॅट-तास देते. ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून ४२ धरा. भागिले सहा. सात तास. दिवसरात्र चालू ठेवायचा तर दुसऱ्या दिवशी काही नाही. म्हणून आमच्या गल्लीत आता ठरलंय, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा आला की बॅटऱ्या भरून ठेवायच्या, ४३ ची धोका पातळी आली की जाळं दर तासाला पहिली पंधरा मिनिटं चालू. सात तासांचे अठ्ठावीस तास होतात. सगळ्यांनी एकाच वेळी चालू करायचं, नाही तर मधला बंद आणि टोकाचे चालू, उपयोग शून्य. घड्याळं जुळवणं हाही त्या पानावरचा एक नियम झाला.

आणि एक फजिती सांगतो. २०२१ च्या पुरात बॅटरी होती, डबा चांगला होता, तरी दर दहा मिनिटांनी तो बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. रात्रभर मी सेटिंगला दोष देत बसलो. सकाळी सूनबाईनं सहज पिन हलवली आणि म्हणाली, "मामंजी, ही ढिली आहे." राऊटरची गोल पिन बाहेरून साडेपाच मिलिमीटरची असते, सगळ्या सारख्याच दिसतात. पण आतलं भोक कुठं २.१ चं, कुठं २.५ चं. २.५ ची पिन २.१ च्या खुंटीवर जाते, बसते, दिवाही लागतो. पण धरत नाही. जरा धक्का लागला की वीज तुटते.

आता मावसभावानं मला लेथवर २.३ मिलिमीटरची एक काडी करून दिलीय. पिनच्या भोकात ती गेली तर २.५, नाही गेली तर २.१. आमच्या सगळ्या २.१ च्या पिनांना नेलपॉलिश लावलंय, लाल, सूनबाईचंच. तुमच्याकडं जुन्या अडॅप्टरचा डबा असेलच, माळ्यावर. तो जूनच्या आधी एकदा काढा आणि काडी घालून बघा. काडी नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला 'दोन पॉइंट तीनची गेज' म्हणा, हातातलं काम आटोपलं की करून देईल.